भुयारांतील गाडी आणि पावसाचें पाणी

आम्ही शीवकर पाण्याला चांगले ओळखतों. 'शीव' या शब्दाचा अर्थच मुळीं सीमा. मुंबई बेटाची हद्द येथें संपे. पुढें खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी. कालांतरानें भर घालून जमीन झाली, परंतु पाणी आपली जुनी वाट विसरल्याचें मला कधीं दिसलें नाहीं. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती यांची गांठ पडली म्हणजे शीव-कुर्ल्यामधील रूळ दिसेनासे झालेले व गांधी मार्केटपाशीं रस्त्याचा ओढा झालेला मीं कितीकदां पाहिला आहे.

आजचा माझा विषय मात्र रस्त्याखालचा आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरांची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्ण झाली. तिच्या २७ स्थानकांपैकीं २६ भुईखालीं आहेत. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या दरम्यान तर ती मिठी नदीच्या पोटाखालून जाते. माझी कन्या याच गाडीनें रोज चर्चगेटला कामास जाते. एकदां जेवतांना तिनें सहज विचारलें, "बाबा, वर पाणी तुंबलें तर खालीं काय होतें?" जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देणारा मी, त्या वेळीं निरुत्तर झालों.

प्रश्न काल्पनिक नव्हता. २०२५ सालीं पावसाळा नेहमींच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधीं, म्हणजे २६ मे रोजींच, मुंबईंत येऊन ठेपला. वरळीचें आचार्य अत्रे चौक स्थानक उघडून तेव्हां जेमतेम पंधरवडा लोटला होता. काम अपुरें असलेल्या एका प्रवेशद्वारापाशीं पाणी अडविण्यासाठीं बांधलेली भिंत कोसळली आणि गढूळ पाणी स्थानकांत उतरलें. अत्रे चौकाची वाहतूक बंद करून गाड्या वरळी स्थानकापर्यंतच चालविण्यांत आल्या.

पुष्कळांस वाटतें, भुयाराला भय नदीचें. तसें नाहीं. बोगद्याचें कवच कांक्रिटच्या वक्र तुकड्यांचीं कडीं जोडून करतात. सांध्यांत रबराच्या पट्ट्या दाबून बसविलेल्या असतात. त्यांतूनहि जें थोडेंबहुत झिरपतें, तें सर्वांत सखल जागीं केलेल्या हौदांत जमतें व पंप तें वर फेकतो. खरें भय आहे तें दारांचें. जिना, वायुवीजनाचें तोंड, केबलची वाट, अर्धवट राहिलेलें काम, जेथून माणूस किंवा वारा आंत येतो, तेथून पाणीहि येतें. म्हणून उपायहि दाराशींच हवा. रस्त्यावरून पायऱ्या प्रथम वर चढाव्या व मग खालीं उतराव्या. ही उंची त्या जागीं पूर्वीं चढलेल्या पाण्याहून अधिक असावी. दारांत आडव्या फळ्या सरकविण्यास खांचा असाव्या. पंपांना वीज देणारीं यंत्रें पाण्याच्या आवाक्याबाहेर असावीं. आपल्या पूर्वजांनीं घराला उंच जोतें आणि उंबरठा दिला, त्यांतील शहाणपण हेंच.

परंतु उंबरठा कितीहि उंच केला, तरी एखादा पाऊस त्याहून उंच येतोच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशीं कुलाब्यास सुमारें ७४! मी तेव्हां एका शाळेंत शिकवीत होतों. दुपारीं पाऊस नित्याचाच वाटला. आमचा शिपाई म्हणाला, "गुरुजी, अर्धा तास थांबूं द्या पोरांना." मला तो भित्रेपणा वाटला व मीं वर्ग सोडला. तासाभरानें आम्ही दोघे कमरेइतक्या पाण्यांतून मुलांना हात धरून परत आणीत होतों. दोन मुलें रात्रभर सांपडलीं नाहींत. सकाळीं तीं एका अनोळखी कुटुंबाच्या माडीवर सुखरूप आढळलीं. ती रात्र मी अजून विसरलों नाहीं.

वेळीं थांबणें म्हणजे काय, हें दोन शहरांनीं जगाला दाखविलें आहे. चीनमधील झेंगझोऊ येथें २० जुलै २०२१ रोजीं एका तासांत २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला. गाड्या ठेवण्याच्या आवाराची भिंत फुटून पाणी बोगद्यांत शिरलें. गाड्या चालूच होत्या. त्यांतली एक भुयारांत अडकली. त्या मार्गावर १४ जणांचा अंत झाला. न्यूयॉर्कनें २०१२ सालीं सँडी वादळापूर्वीं, २८ ऑक्टोबरच्या सायंकाळींच, भुयारी गाड्या थांबविल्या. दुसऱ्या रात्रीं समुद्र आंत घुसला. साउथ फेरीचें नवें स्थानक इतकें बुडालें कीं तें २०१७ सालीं पुन्हां सुरू झालें. नुकसान अपार झालें, परंतु गाडींत कोणी अडकलें नव्हतें.

तेव्हां श्रोतेहो, प्रत्येक मे महिन्यांत आपण नागरिकांनीं तीन गोष्टी विचाराव्या: फळ्या जागेवर आहेत काय, पंप चालवून पाहिले काय, आणि गाडी थांबविण्याचा हुकूम कोण, किती पाण्याला देणार? आणि तो हुकूम निघून पाऊस थोडक्यांत ओसरला, तर "उगीच खोळंबा केला" असें आपण म्हणूं नये. माझ्या कन्येला मीं शेवटीं एवढेंच सांगितलें: "गाडी बंद आहे म्हणाले तर चिडूं नकोस. त्या दिवशीं मला तेवढें सुचलें नव्हतें."