वार्धक्यातील अपस्मार: स्वागताध्यक्षांचे भाषण



अपस्मार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळकरी मूल उभे राहते. वस्तुतः हा विकार प्रथमच जडण्याचे प्रमाण शैशवाप्रमाणेच वार्धक्यातही अधिक असते आणि उतारवयात त्याच्या मुळाशी पुष्कळदा पक्षाघाताने मेंदूत मागे ठेवलेला व्रण असतो.

परंतु म्हातारपणीची फीट अनेकदा फीटसारखी दिसतच नाही. हातपाय झाडणे नाही, तोंडाला फेस नाही. आजोबा घास हातात धरून शून्यात पाहत राहतात, हाकेला ओ देत नाहीत, आणि पुढे कित्येक तास भ्रमिष्टासारखे वागतात. तेव्हा घरची माणसे वयोमानाने विसर पडू लागला असे म्हणतात, आणि ज्याच्यापाशी मेंदूचा आलेख काढण्याचे यंत्र नाही की सल्ल्याला मेंदूविकारतज्ज्ञ नाही, तो गावचा डॉक्टर चक्कर समजून सलाइन लावतो. निदान झालेच, तर एकदा सुरू झालेली फेनिटॉइनची गोळी वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. तिने तोल जातो, हाडे ठिसूळ होतात, रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाशी तिचे जुळत नाही, आणि लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम या वयाला बहुधा अधिक मानवते हे सांगणारा कोणी भेटत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. सत्तरी गाठलेल्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या इलाजाची तजवीज आहे. मात्र ती तजवीज रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. अपस्माराचा इलाज बहुतांशी बाह्यरुग्ण विभागातला, महिनोन्‌महिने चालणारा, आणि त्याचा खर्च कुटुंबाच्याच अंगावर पडतो. शिवाय वाटेत केव्हा शुद्ध हरपेल याचा भरवसा नसलेल्या वृद्धाला एकट्याने शहराला धाडणार कोण? सोबत जाणाऱ्या मुलाचा रोज बुडतो, म्हणून दुसरी खेप होतच नाही.

यास्तव या परिषदेपुढे माझी दरखास्त अशी आहे की, तज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस उपजिल्हा रुग्णालयात बसावे, जुन्या औषधांचा फेरविचार तेथेच व्हावा आणि त्या दिवसाची नोंद सरकारी दप्तरात कायमची व्हावी. जागतिक आरोग्य सभेने २०२२ साली संमत केलेला मेंदूविकारांचा कृती आराखडा २०३१ पर्यंतचा आहे. आपल्याला दिरंगाई परवडणारी नाही. ठरावाचा मसुदा स्वागत समितीने तयार ठेवला असून तो आजच्याच सत्रात चर्चेला घ्यावा, अशी विनंती करून मी अध्यक्षमहाराजांना आसनस्थ होण्याची प्रार्थना करतो.