मनाचा उपचार गावच्या दवाखान्यात



शरीराला ताप आला की घरातील माणसे दवाखान्याची वाट धरतात. मन आजारी पडले, तर आधी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दार लावून घेतले जाते. मग अंगारे-धुपारे होतात. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येते तोवर पुष्कळदा काही वर्षे लोटलेली असतात. याचे कारण समाजाचे अज्ञान, असे सांगितले जाते. पण ते अर्धसत्य होय. त्या माणसाला ज्या जवळच्या डॉक्टरांकडे नेले जाते, त्यांनाही मनाचा आजार ओळखण्याचे शिक्षण पुरेसे मिळालेले नसते, ही सत्याची दुसरी बाजू आहे.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे त्यात आढळले. निरनिराळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. लाख लोकसंख्येमागे सरासरी एकही मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या देशात हे सर्व रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोहोचतील, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. ते पोहोचतात गावच्या डॉक्टरांपर्यंत, आणि तेही डोकेदुखी, निद्रानाश, छातीतील धडधड अशा तक्रारी घेऊन. नैराश्य ओळखले जात नाही. रुग्ण टॉनिकची बाटली घेऊन घरी परततो.

या डॉक्टरांना दोष देण्यापूर्वी त्यांचे शिक्षण पाहावे. १९९७ च्या नियमांनुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला मनोविकार विभागात प्रत्यक्ष काम करण्यासाठी अवघे दोन आठवडे मिळत. या विषयाची स्वतंत्र परीक्षाही नव्हती. जो विषय परीक्षेत नाही, तो विद्यार्थी मनावर घेत नाही, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. २०२१ च्या नियमांनी आंतरवासितेतील दोन आठवडे या विषयासाठी अनिवार्य केले. पाऊल योग्य दिशेचे आहे, पण लहान आहे.

दिशा मात्र आपल्या देशाला फार पूर्वी गवसली होती. १९८२ मध्ये भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. मानसिक उपचार सामान्य आरोग्यसेवेतच मिसळावेत, हे त्याचे सूत्र होते. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात ‘निम्हान्स’ने १९८५ पासून ते आचरणात आणून दाखविले. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी यांना अल्पकाळाचे प्रशिक्षण दिले, मोजकी आवश्यक औषधे तेथेच उपलब्ध केली. याच अनुभवावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला.

सूत्र सापडले म्हणजे व्यवस्था उभी राहिली, असे होत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण होरपळून मेले. जवळच्या दवाखान्यात उपचार मिळाला नाही की कुटुंब कोठवर हतबल होते, हे त्या साखळदंडांनी दाखविले.

या कुटुंबाला दूर न सारता उपचारांत सामील करून घेणारी परंपराही याच भूमीतील आहे. फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातील हिंदू व शीख रुग्ण १९५० मध्ये अमृतसरला आणले गेले. त्याच अमृतसरच्या रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहू दिले. आजार म्हणजे काय, औषध का द्यावे, घरी कसे वागावे, हे घरच्यांनी पाहून शिकावे, हा त्यामागील विचार होता. रुग्णाचा हात धरणारे घर आणि आजार ओळखणारा डॉक्टर, दोघेही लागतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. सार्वजनिक आरोग्य संस्थांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण द्यावे, असेही त्याच्या ३१ व्या कलमात नमूद आहे. तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याच्या प्रयत्नांसाठी दिलेली दहा वर्षांची मुदत २०२८ मध्ये संपते.

कायदा कागदावरून गावात यायचा, तर गावाने विचारले पाहिजे. आपल्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे हे प्रशिक्षण झाले आहे काय? नैराश्यावरची, अपस्मारावरची औषधे तेथे आहेत काय? ग्रामसभेत रस्त्याचा, पाण्याचा प्रश्न निघतो, तसा हाही निघावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या आणि पंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला असावा. कार्यकर्ता घरोघरी जातोच. एखाद्या घराचे दार फार दिवस लावलेले दिसले, तर त्याने ते हळुवारपणे ठोठवावे, आणि आतल्या माणसाला डॉक्टरांपर्यंत सोबत करावी.