‘गोळ्या चुकवते’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने रोज घ्याव्या लागतात. महिन्याभरात खोकला, ताप थांबला की घरचेच म्हणतात, ‘झाली की बरी!’ मधेच गोळ्या सुटल्या तर रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो.

पण तिला ‘बेफिकीर’ ठरवण्याआधी विचारू या. गोळ्या सासरी लपवाव्या लागतात का? दवाखान्यापायी मजुरी बुडते का? रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, घाबरायचं कारण नाही, हे तिला कुणी सांगितलं का? याच औषधाने माला-डीचा परिणाम कमी होतो, तोवर तांबीसारखं दुसरं साधन हवं, हे? आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून सरकार महिना १००० रुपये देतं. ते तिच्या हाती पडतात का?

जिथे अडतं, तिथे तिच्यासोबत आपण जाऊ या.