नव्या बाबांनो, अंग हलतं ठेवा



घरात बाळ आलं की सगळ्यांचं लक्ष बाळ-बाळंतिणीकडे असतं, आणि ते तसंच असायला हवं. मला मात्र आज बाळाच्या बाबांशी बोलायचं आहे. लग्नाआधी रोज संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात दिसणारा तरुण पोरगा बाप झाल्यावर वर्षभरातच सुटलेलं पोट घेऊन माझ्याकडे तपासून घ्यायला येतो. जिना चढला तरी धाप लागते. विचारलं की म्हणतो, "साहेब, पोरगं झालं अन् टाइमच भेटत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत दहा हजारांवर मुलांच्या वजनाची नोंद त्यांच्या किशोरवयापासून वीस वर्षं ठेवली गेली आणि तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. बाप होऊन मुलासोबत एकाच घरात राहणाऱ्यांचं उंचीच्या मानानं असलेलं वजन सरासरी सुमारे अडीच टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. मूल नसलेल्यांचं तसं वाढलं नव्हतं.

आपल्या भंडारा जिल्ह्यात ही वाढ बाळाच्या जन्माआधीच सुरू होते, असं मला वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बायको माहेरी जाते आणि नवरा काही महिने एकटा पडतो. सकाळी टपरीवर तर्री-पोहे, रात्री मित्रांसोबत हॉटेल, आणि मधल्या वेळात खर्रा. मग बाळाला घेऊन ती घरी येते आणि रात्रीची जागरणं सुरू होतात. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं. वरठीच्या पोलाद कारखान्यात किंवा गडेगावच्या वाहन कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बापाची तर झोप दोन्हीकडून कापली जाते. डोळे उघडे ठेवायला तो पुन्हा खर्राच तोंडात टाकतो. खर्र्यातली तंबाखू आणि सुपारी छातीची धडधड वाढवतात, हिरड्या खातात, तोंडाचा कर्करोग देतात. थकवा मात्र जागच्या जागी राहतो. व्यायामाचा विचार करण्याआधी खर्रा सोडा. बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेणाऱ्या माणसानं तर तो सोडायलाच हवा.

शेतकरी बाबा म्हणतील, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात वाकून काम करणाऱ्याला मी व्यायाम सांगणार नाही. धानाची कापणी, चुरणे म्हणजे मळणी चालू असतानाही नाही. पण चुरणे आटोपलं, आणि उन्हाळी धान घेतलं नाही, तर पुढचे कितीतरी महिने शरीर बसून राहतं. शेताच्या बांधापर्यंतही आता मोटारसायकल जाते. मेहनतीच्या महिन्यांतला आहार तसाच चालू राहतो आणि मेहनत थांबते, तिथे वजन वाढतं.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं की मोठ्या माणसानं आठवड्याला किमान 150 मिनिटं, दम थोडा वाढेल इतपत हालचाल करावी, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. रोजची ही जेमतेम 22 मिनिटं होतात. ती सलग असण्याचीही गरज नाही. दहा मिनिटं सकाळी, सात दुपारी, पाच रात्री, असं तुकड्यांनी केलं तरी शरीर ते जमेस धरतं.

बाळापासून दूर जाऊन वेळ शोधू नका. बाळ असतं तिथेच व्यायाम करा. रांगता-सरकता न येणाऱ्या तान्ह्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर ठेवावं, असं हीच संघटना सांगते. त्यानं मान आणि खांदे बळकट होतात. ते काम बाबांनी घ्यावं. सतरंजीवर बाळ पालथं, आणि शेजारी हातभर अंतरावर बाबांच्या बैठका, जोर, सूर्यनमस्कार. बाळ तुमच्याकडे बघायला मान उचलतं, आणि तुमची नजरही त्याच्यावरून हटत नाही. बाळाला झोप आली की मात्र लगेच पाठीवर निजवायचं.

संध्याकाळी किरकिर करणारं बाळ खांद्यावर घेऊन अंगणात वीस मिनिटं फिरा. वेग कमी असेल, पण बसून मोबाईल बघण्यापेक्षा कितीतरी चांगलं. मानेला हाताचा आधार हवाच, पहिले तीन-चार महिने तर विसरायचंच नाही. बाळाला वर उडवून झेलू नका, रागाच्या भरात गदगदा हलवू नका. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळाच्या अंघोळीची बादली उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवून उचला. दुपटी धुणं, पिळणं, वाळत घालणं, पाणी भरणं हीसुद्धा हालचालच आहे, आणि घराला तिचीच गरज आहे.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. रात्रभर बाळंतीण जागी आणि पहाटे नवरा तासभर फिरायला, हे मला मान्य नाही. फिरायला जरूर जा, पण आधी रात्रीचा एक पहर बाळाला तुम्ही सांभाळा. तुमची झोप चार तासही झाली नसेल, तर त्या दिवशी धावू नका. थोडं चाला आणि दुपारी डुलकी घ्या. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, रेल्वेत, पोस्टात असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन अपत्यांसाठी 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, जन्मानंतर सहा महिन्यांत घेता येते. ती घ्या, आणि घरातच घालवा.

मे महिन्यात आपल्याकडचं ऊन जीवघेणं असतं, तेव्हा चालणं सूर्य वर यायच्या आत. महामार्गाच्या कडेनं फिरू नका. गावतलावाची पाळ किंवा शाळेचं मैदान त्यापेक्षा बरं.

काही बाबांना अंगापेक्षा मनच जड वाटतं. कशातच रस नाही, चिडचिड, बाळाजवळही जावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर तो आजार असू शकतो आणि तो बरा होतो. 14416 हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोला.

आणि बाळाच्या लसींच्या तारखा लक्षात ठेवा: सहावा, दहावा आणि चौदावा आठवडा. प्रत्येक वेळी आईसोबत तुम्हीही आरोग्य केंद्रात जा, आणि बाळाचं वजन झालं की परिचारिका ताईंना सांगून स्वतःचंही वजन आणि रक्तदाब मोजून घ्या.