थेंबाचे गणित



केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर सुमारे दोन दशके, 2000 सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी होत असे. औषध ढेकण्या किडीसाठी होते. परंतु टेकड्यांवरून ते खालच्या विहिरींवर, ओढ्यांवर आणि अंगणांवरही उतरले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर देशभर बंदी घातली आणि 2017 मध्ये बाधितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. किडीपर्यंत न पोहोचलेले औषध नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे कोठेतरी पोहोचतेच.

पाठीवरच्या पंपालाही हाच नियम लागू आहे. गोलाचा व्यास निम्मा केला की घनफळ एक-अष्टमांश होते, हे शाळेतच शिकवले जाते. म्हणजे तेवढ्याच औषधातून एका थेंबाऐवजी आठ थेंब मिळतात आणि पान अधिक झाकले जाते. मात्र थेंब फारच बारीक झाला तर वारा त्याला शेजारच्या शेतात नेतो; फार मोठा झाला तर तो पानावरून ओघळून मातीत मुरतो. म्हणून फवारणी मंद वाऱ्यात, सकाळी वा सायंकाळी करावी. झिजलेले नोझल नव्यापेक्षा दहा टक्के अधिक पाणी सोडू लागले की ते बदलावे.

मोजमाप सोपे आहे. पंपात साधे पाणी भरून एक गुंठा फवारावा, लागलेले पाणी मोजावे आणि त्याला चाळिसाने गुणावे. एकराचा हिशेब मिळतो. त्यावरूनच औषध कालवावे, म्हणजे पंपात उरत नाही. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, ओढ्यात नव्हे.

त्याहून मोठी बचत न केलेल्या फवारणीत आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तरच फवारणीचा विचार करावा, अशी शिफारस आहे.

मातीतील सूक्ष्मजीव अनेक औषधांचे विघटन करतात; परंतु द्राक्षबागेत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील तांबे हे मूलद्रव्य आहे. त्याचे विघटन होत नाही, ते वर्षानुवर्षे साठत जाते. जी जमीन पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची, तिच्यात काय साठते आहे याचा हिशेब आजच्या पिढीनेच ठेवला पाहिजे.