सहज वाचकाचा अभिप्राय

(ग्रंथालय सप्ताहानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर या काळात देशभर ग्रंथालय सप्ताह साजरा होतो. या आठवड्यात थोर ग्रंथांची प्रदर्शने भरतात, वाचनाचे महत्त्व सांगणारी व्याख्याने होतात आणि नवी पिढी वाचत नाही अशी खंतही व्यक्त होते. हे सर्व यथोचितच आहे. परंतु ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी रोज येऊन उभा राहणारा जो वाचक असतो, त्याची आठवण या समारंभात क्वचितच होते. तो संशोधक नसतो, समीक्षक नसतो. दिवसभराचे काम आटोपून तो येतो आणि ग्रंथपालाला विचारतो, "काही हलकेफुलके आहे का?" रहस्यकथा, भयकथा, विनोदी कथा, चित्रकथा आणि आता श्राव्य पुस्तके हा त्याचा प्रांत. या सहज वाचकाला स्वतःचे मत असते. ते मत ऐकून घेतल्यास ग्रंथालयाचे काय हित होईल, एवढाच आजचा विषय आहे.

अशा एका वाचकाचे उदाहरण घेता येईल. चोडण बेटावर राहणारे हे गृहस्थ पणजीच्या एका कचेरीत कारकून होते. मांडवी ओलांडण्यासाठी चोडणहून रायबंदरला येणारी फेरीबोट हा त्यांचा नित्याचा मार्ग. धक्क्यावर बोटीची वाट पाहताना आणि पाण्यावरच्या त्या थोड्या मिनिटांत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ वाचन केले. सोबत एक दोनशे पानी वही असे. पुस्तक संपले की त्याचे नाव, तारीख आणि एक-दोन ओळींचा अभिप्राय त्या वहीत उतरवायचा. पुस्तक आवडले नाही तर नावापुढे केवळ "परत केले" एवढीच नोंद. सेवानिवृत्तीनंतरही हा क्रम चालू राहिला. आज या घरी अशा पाच वह्या आहेत.

या वह्यांत साहित्यशास्त्राची परिभाषा कोठेही नाही. मोजमाप अगदी साधे आहे. बोट धक्क्याला लागली तरी पुस्तक मिटवावेसे वाटले नाही, तर ते पुस्तक चांगले. तथापि या साध्या मापाच्या मागे काही कडक नियम दडलेले आढळतात. रहस्यकथेतील गुन्हेगार शेवटच्या प्रकरणात प्रथमच दाखल झाला, तर ती वाचकाची फसवणूक होय, हा पहिला नियम. माग काढण्यास लागणारा प्रत्येक धागा वाचकासमोर आधी आलेला असावा, हा दुसरा. भयकथेतील घर वाचकाच्या स्वतःच्या घरासारखे साधे असेल तरच भीती वाटते, हा तिसरा.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांविषयी वहीत असे म्हटले आहे की, त्यांत कथानक कधी थांबत नाही, म्हणून दोष दिसण्यास उसंत मिळत नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी व दारा बुलंद, नारायण धारपांचे समर्थ ही मंडळी या वह्यांतून पुनःपुन्हा भेटतात. धारप व रत्नाकर मतकरी यांच्यापासून हृषीकेश गुप्ते यांच्यापर्यंत भयकथेचा व गूढकथेचा धागा कसा आला, हेही त्यांतून दिसते.

अलीकडच्या रंजक कादंबऱ्यांविषयी त्यांचे मत संमिश्र आहे. नव्या लेखकांना मोबाइल, कॅमेरे व न्यायवैद्यक तपासणी यांची चांगली जाण आहे, हा गुण त्यांनी मोकळेपणाने मान्य केला आहे. परंतु बहुतेक कथा मुंबई-पुण्यातच घडतात, ही तक्रारही अनेक पानांवर आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावरून एखादा गुप्तहेर का जाऊ नये, असा प्रश्न या वाचकाने विचारला आहे. प्रकाशकांनी विचार करावा असाच हा प्रश्न आहे.

हलक्या साहित्याची एवढी चौकशी कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मराठी कादंबरीच्या इतिहासातच आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. अद्भुत प्रसंगांनी भरलेल्या या कादंबऱ्या मुख्यतः मनोरंजनासाठी वाचल्या गेल्या. आज त्यांच्याशिवाय मराठी कादंबरीचा अभ्यास पुरा होत नाही. एका काळाची करमणूक दुसऱ्या काळाचा अभ्यासविषय होते. अट एवढीच की, मधल्या काळात ती कोणीतरी सांभाळून ठेवलेली असली पाहिजे.

सांभाळण्याचा हा प्रश्न चित्रकथांच्या बाबतीत अधिकच बिकट आहे. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचे प्रकाशन सुरू केले आणि ते १९९० पर्यंत चालले. वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठी मुलांच्या घरी पोहोचले ते याच अंकांतून. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला 'बहादूर' हा भारतीय नायकही याच मालेत आला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्रकथेने पुराण व इतिहास यांना चित्ररूप दिले. १९९१ पासून चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' वृत्तपत्रातून घरोघरी हसू लागला. वाचनाची पहिली गोडी अशा चित्रांच्या चौकटींतून लागलेली कितीतरी माणसे आज प्रौढ वाचक आहेत.

या गृहस्थांची नात शाळेत शिकते. ती जपानी चित्रकथा इंग्रजी भाषांतरात वाचते. ही पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचावयाची असतात, हे आजोबांना तिनेच शिकविले. तिच्यासाठी आजोबांनी जपानी चित्रकथेची दोन पुस्तके वाचून पाहिली आणि वहीत नोंद केली की, येथे शब्द कमी असूनही डोळ्यांना काम पुष्कळ आहे. मग आपल्या लहानपणाचा वेताळ नातीला दाखवावा, या हेतूने ते एका ग्रंथालयात गेले. तेथे पूर्वी इंद्रजालचे अंक बांधून ठेवलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. परंतु जागेच्या अडचणीमुळे साठा-तपासणीच्या वेळी ते अंक आणि जुन्या रहस्यकथा रद्दीत काढल्या गेल्या होत्या. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. पाने सुटली होती, मागणी कमी झाली होती आणि ज्यांनी निर्णय घेतला, त्यांना हे साहित्य जपण्याजोगे वाटले नव्हते. नातीने "जाऊ द्या, आजोबा" असे म्हटले. त्या दिवशी वहीत कोणत्याही पुस्तकाचे नाव नाही. "वेताळ मिळाला नाही" एवढीच ओळ आहे.

थोर ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी असतात आणि त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. हलके साहित्य स्वस्त कागदावर छापले जाते, हातोहाती झिजते आणि सर्वांत आधी नाहीसे होते. चित्रपट आला तर एखाद्या पुस्तकाचे दैव उघडते. शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये आणि भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'वर २०१७ मध्ये चित्रपट निघाला आणि नव्या पिढीला ही नावे पुन्हा ठाऊक झाली. परंतु प्रत्येक पुस्तकाच्या वाट्याला चित्रपट येत नाही.

आता श्राव्य पुस्तकांकडे वळावयाचे. ऐकून साहित्याचा आस्वाद घेणे मराठी माणसाला नवे नाही. कीर्तन, पोथीवाचन, आकाशवाणीवरील अभिवाचन ही त्याची जुनी रूपे होत. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला गावोगाव गर्दी लोटत असे. २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडनमधील कंपनी भारतात आली आणि तिने मराठी श्राव्य पुस्तकेही उपलब्ध केली. केवळ ऐकण्यासाठी म्हणून लिहिलेल्या मराठी कथामालाही त्यानंतर निघाल्या.

या गृहस्थांना श्राव्य पुस्तकाचा परिचय झाला तो हौसेने नव्हे. मधुमेहामुळे त्यांची दृष्टी मंदावत गेली. छापील अक्षर दिसेनासे झाले आणि पाचवी वही मध्येच थांबली. सुमारे आठ महिने तीत एकही नोंद नाही. त्यानंतर पुन्हा नोंदी सुरू होतात, पण अक्षर वेगळे आहे. ते नातीचे आहे. तिने मोबाइलवर एक रहस्यकथा लावून दिली, आजोबांनी ती ऐकली, अभिप्राय सांगितला आणि तिने तो उतरवून घेतला.

या अभिप्रायांत पूर्वीचाच काटेकोरपणा आहे. वाचकाने, म्हणजे येथे निवेदकाने, प्रत्येक पात्रासाठी आवाज बदलू नये. कथा सांगावी, नाटक करू नये, असे एका ठिकाणी म्हटले आहे. संवादाखाली वाजणाऱ्या पार्श्वसंगीताविषयी नापसंती आहे. उच्चारांविषयीची टीका तर मुळातून विचार करण्याजोगी आहे. मराठीत 'च'चे दोन उच्चार आहेत, परंतु लिपीत त्यांना एकच अक्षर आहे. 'चार' आणि 'चारा' या शब्दांतील 'च' निराळा. 'चिंच' या एकाच शब्दात तर दोन्ही उच्चार येतात. छापील पानावर हा भेद डोळ्याला दिसत नाही. निवेदक चुकला की कानाला मात्र तो तत्काळ खटकतो. श्राव्य पुस्तकाची भाषा छापील पुस्तकापेक्षा अधिक कसून तपासावी लागते, असा याचा अर्थ होय. आणखी एक नोंद मोठी मार्मिक आहे. झोप लागली तर कागदाचे पुस्तक वाट पाहते, आवाजाचे पुस्तक मात्र पुढे निघून जाते.

दृष्टिहीन व मंददृष्टी वाचकांच्या बाबतीत कायदाही अनुकूल आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या प्रताधिकार कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात प्रती तयार करण्याची तरतूद झाली. दृष्टिहीनांना पुस्तके सुलभ व्हावीत यासाठी २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होय. हे अनुसमर्थन २०१४ मध्ये देण्यात आले. या तरतुदींचा लाभ पाठ्यपुस्तकांपुरताच मर्यादित राहण्याचे कारण नाही. ज्याची दृष्टी गेली, त्यालाही रहस्यकथेचा शेवट जाणून घ्यावयाचा असतोच.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा आशय आहे. वाचकांची प्रतवारी त्यांत नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. त्यामागची दृष्टी हीच होती. गोव्याला तर १८३२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा वारसा आहे. आजचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे त्याचेच विकसित रूप.

या परंपरेला साजेशा तीन साध्या गोष्टी कोणत्याही ग्रंथालयाला करता येतील. पहिली, देवघेवीच्या खिडकीशी एक अभिप्राय-वही ठेवावी आणि पुस्तक-निवड समितीने ती वाचावी. दुसरी, रद्दीत काढावयाच्या प्रत्येक मराठी रहस्यकथेची व चित्रकथेची निदान एक प्रत राज्यातील एखाद्या ग्रंथालयात शिल्लक आहे, याची खात्री करून घ्यावी. तिसरी, आठवड्यातून एक तास सामुदायिक श्रवणासाठी राखावा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. बसावयास काही खुर्च्या, एक ध्वनियंत्र आणि स्पष्ट उच्चाराचा एखादा वाचणारा असला की पुरे.

चोडणच्या त्या घरी पाचव्या वहीची थोडी पाने उरली आहेत. अलीकडच्या एका नोंदीच्या खाली, आजोबांच्या अभिप्रायानंतर, नातीने स्वतःचेही दोन शब्द लिहिले आहेत. तिचे मत आजोबांहून वेगळे आहे. तिला पार्श्वसंगीत आवडले. दोन पिढ्यांचा असा मतभेद ज्या वहीत होतो, तशी एक वही प्रत्येक ग्रंथालयाच्या खिडकीशी असावी, एवढीच या सप्ताहानिमित्त अपेक्षा.