डबा रिकामा परत जात नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘सणांचे गोड पदार्थ’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. जेवणाची पानं मांडून झाली आहेत, त्यामुळे दहाची अकरा होणार नाहीत, काळजी नको.

सगळ्या पदार्थांवर बोलत बसले तर दिवाळी उजाडेल. म्हणून मी एकच घेते, नानकटाई. फराळातलं बहुतेक सगळं आपण कढईत तळतो. करंजी, शंकरपाळी, चिरोटे, अनारसे. भट्टीत भाजायची ती नानकटाई. सुरतेला डचांची वखार होती, त्यांची बेकरी पुढे एका पारशी गृहस्थाकडे आली आणि तिथे नानकटाई जन्मली, असं सांगतात. ‘नान’ हा शब्द फारसी. इतक्या लांबून आलेली ही बाई आपल्या फराळाच्या ताटात चकलीशेजारी जाऊन बसली आणि कुणी तिला ‘तू कुठली?’ म्हणून विचारलं नाही.

आमच्या लहानपणी ओव्हन कुणाच्या घरी होता? दिवाळीच्या आधी आई मैदा, पिठीसाखर, तूप आणि दोन रिकामे पत्र्याचे डबे घेऊन आम्हाला बेकरीत न्यायची. सामान आपलं, भट्टी त्यांची, मजुरी किलोवर. आमचे बेकरीवाले चाचा ट्रेमध्ये नावाची चिठ्ठी ठेवायचे, म्हणजे एकाची नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जायला नको. नंबर येईपर्यंत तास-दोन तास बाकावर बसायचं. तेवढ्या वेळात बायकांच्या सगळ्या गल्लीच्या बातम्या होऊन जायच्या. आणि डबा घरी येईपर्यंत वरचा थर आम्ही संपवलेला असायचा!

आता थोडं कामाचं सांगते, कारण जिन्यात मला नेहमी विचारतात, ‘काकू, माझी पसरते का?’ माप सोपं आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी थिजलेलं तूप. मैद्यातलं पाव वाटी काढून तेवढं बेसन घातलं तर खमंगपणा येतो. चिमूटभर सोडा, वेलची, जायफळ. तूप आणि साखर तळहाताने फेसायची, चांगली दहा मिनिटं, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. फेसताना त्यात हवा शिरते, तीच पुढे नानकटाईला भेगा पाडते. पाणी घालायचं नाही. पाणी पडलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. तूप पातळ असलं तर पसरणारच, म्हणून आधी एकच भाजून बघावी. पसरली तर पिठात दोन चमचे मैदा वाढवावा. ओव्हन 160 ते 170 अंशांवर आधी तापवलेला हवा, वेळ पंधरा ते वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते, म्हणून घाबरून परत आत ढकलू नका. गार झाली की ती आपोआप कडक होते. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, तळाशी मीठ, वर जाळी आणि घट्ट झाकण. मंद आच. आमच्या पहिल्या काही दिवाळ्या त्याच कढईवर निघाल्या.

पण मला खरं बोलायचंय ते डब्याबद्दल.

आपण इथे राहायला आलो तेव्हा कोण कुणाला ओळखत होतं? कुणी चाळीतून आलं, कुणी गावाहून, कुणी भाड्याच्या खोलीतून. पहिल्या दिवाळीला समोरच्या दाराची बेल वाजवायला निमित्त काय, तर हातातला डबा. आपल्याकडे रीत आहे, आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. निदान चार दाणे साखर तरी घालायची. म्हणजे एक डबा गेला की दोन वेळा दार उघडतं, एकदा देताना आणि एकदा परत करताना. आपल्या निम्म्या ओळखी या दुसऱ्या बेलने झाल्या आहेत. नाताळात बी विंगमधून वसईच्या कुटुंबाकडून कुलकुल यायची, तेव्हा मुलं म्हणायची, ‘ही तर वळवलेली शंकरपाळी!’ गोव्याच्या वहिनींच्या कुस्वारात नेवऱ्या असायच्या, म्हणजे आपल्या करंज्याच. ईदला शीरखुर्मा डब्यात मावत नाही, म्हणून पातेलंच यायचं. ते पातेलंही कधी रिकामं गेलं नाही.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं, त्या घरी दिवाळीचं तळण होत नाही. तिथला फराळ शेजाऱ्यांनी न्यायचा, हीसुद्धा आपलीच रीत. आमचे हे गेले त्या वर्षी माझ्याकडे अकरा डबे आले. त्यांतले दोन अशा घरचे, ज्यांच्याशी पार्किंगवरून आमचं धड बोलणंही नव्हतं. डबे देताना कुणी फार काही बोललं नाही. ‘वहिनी, राहू दे डबा, घाई नाही,’ एवढंच. सुतकाच्या घरातून भरून द्यायचं तरी काय? ते अकरा डबे मी घासून, वर नावाच्या चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवले आणि पुढच्या दिवाळीला नानकटाई भरून एकेका दारी नेऊन दिले. मी घरातून परत बाहेर पडले ती त्या डब्यांसाठी.

2020 च्या दिवाळीत आपण एकमेकांच्या घरात जात नव्हतो. तेव्हाही दाराच्या कडीला पिशव्या अडकवलेल्या होत्या. बेल वाजवायची आणि चार पायऱ्या मागे सरकून हात करायचा.

आता फराळ विकत येतो. येऊ दे. नोकरी करणाऱ्या मुलींनी रात्री दोनपर्यंत चकल्या पाडाव्यात, असं मी मुळीच म्हणणार नाही. पूर्वी घरोघरी एकाच बाईची कंबर मोडायची, त्याचं कौतुक पुरे झालं. आपल्याच सोसायटीतल्या दोघीतिघी ऑर्डरी घेतात, त्यांच्याकडून जरूर घ्या. मला खटकतो तो प्लास्टिकचा फेकायचा डबा. तो परत द्यायचा नसतो, म्हणून दुसरी बेल वाजतच नाही. दिलं, घेतलं, संपलं. वरच्या मजल्यांवर आज काही घरांत एकेकटी माणसं राहतात. मुलं परदेशी आहेत, पार्सलं वेळेवर येतात, तक्रार काही नाही. पण पार्सलवाला डबा न्यायला परत येत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना. येत्या दिवाळीआधीच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून नानकटाई करायची. ज्यांच्याकडे ओव्हन आहेत त्यांनी दोन-तीन खाली आणावेत. फेसायचं काम पुरुषांकडे, दहा मिनिटं हात चालवायला हरकत नसावी! गोळ्यांवर पिस्ता दाबायचं काम मुलांकडे. पहिले डबे जाणार एकट्या राहणाऱ्यांकडे, आणि ज्यांच्याकडे यंदा तळण नाही त्यांच्याकडे. डबे स्टीलचेच, झाकणावर फ्लॅट नंबर लिहिलेला.

आणि ते परत आणायला मुलांना पाठवू. रिकामा आला तरी चालेल, पण दार उघडलं पाहिजे.

पानं वाढली आहेत.